खूण मीच केली होती

मी, मृत्युंजय चंद्रप्पा खानापुरे, वय ६७, मूळ गाव मुरुड, सध्या राहणार नांदेड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि नशापाणी मी जन्मात केले नाही. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून माझ्या डोक्याची शंका येण्यासारखी आहे, म्हणून एका डॉक्टरावर न भागवता दोघांचे दाखले जोडले आहेत.

मी १९८९ पासून २०१६ पर्यंत नोकरीत आणि तेव्हापासून आजवर बिनपगारी, एकाच महाविद्यालयाच्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवला. लग्न केले नाही. वेळ मिळाला नाही म्हणा किंवा कुणी पसंत केले नाही म्हणा, दोन्ही खरे आहे.

कलम १. माझ्याकडील सात ग्लोव्हज, चार बॅट आणि कॅचरचा मुखवटा संघाला द्यावा. हे सामान प्राचार्यांच्या कपाटात कुलूपबंद होता कामा नये. एका प्राचार्यांनी आमच्या खेळाला पोरींचा विटीदांडू म्हटले होते. ते आता हयात नाहीत, तरी माझा राग आहे तसाच आहे.

कलम २. मुरुडची दीड एकर जमीन पुतण्या रुद्रेश याला. मी आजारी असताना हा पठ्ठ्या माझ्या फ्लॅटच्या खोल्या टेपने मोजत होता. त्याला वाटले मी झोपलोय. फ्लॅटवर त्याने डोळा ठेवू नये.

कलम ३. नांदेडचा फ्लॅट सरजाबाई मारोती नरवाडे, रा. भोकर तालुका, यांना द्यावा. या बाई माझ्या नात्यातल्या नाहीत. त्या कोण, हे रुद्रेश विचारणारच, म्हणून सविस्तर लिहितो.

डिसेंबर २००४ मध्ये लातूरला आमचा अंतिम सामना होता. सरजाबाईंची थोरली मुलगी महामाया, शर्ट नंबर नऊ, तिसऱ्या बेसवर होती. तेथून होम प्लेटवर, म्हणजे बॅटवाली उभी असते तिथे, पोचली की आम्ही जिंकलो. आमच्यात एक डाव आहे. पिचरच्या हातून चेंडू सुटला की तिसऱ्या बेसवरच्या मुलीने होम प्लेटकडे धूम ठोकायची आणि बॅटवालीने चेंडू नुसता टेकवून खाली पाडायचा. प्रशिक्षक बेसजवळच्या चौकोनात उभा राहून खूण करतो. ती खूण दोघींना ठाऊक पाहिजे, नाहीतर अनर्थ.

आमची एक जुनी खेळाडू समोरच्या संघात गेली होती. तिला आमच्या खुणा माहीत, म्हणून मी त्या दिवशी नाष्ट्याच्या वेळी खूण बदलली. डावा कान धरायचा आणि शिटीची दोरी ओढायची. बॅटवाली स्वप्नाली त्या सकाळी हदगावहून एसटीने उशिरा आली. तिला सांगतो सांगतो म्हणत मी विसरलो.

मी कान धरला, दोरी ओढली. महामायाने माझ्याकडे बघून मान हलवली आणि पळाली. स्वप्नालीने पूर्ण ताकदीने बॅट फिरवली. चेंडू महामायाच्या कानशिलावर बसला. संघाकडे हेल्मेट तीनच होती आणि तिच्या डोक्यावर नव्हते. दवाखान्यात पोचेपर्यंत पोर गेली.

चौकशी समितीपुढे मी म्हणालो, मी खूण केली नव्हती, मुलगी आपल्या मनाने पळाली. एवढ्या एका वाक्यावर माझी नोकरी टिकली. महामायाचा बाप मारोती मरेपर्यंत चारचौघांत सांगायचा की माझ्या पोरीनं ऐकलं न्हाई म्हणून गेली. खेळण्याने पोरी आगाऊ होतात म्हणून त्याने धाकटीची शाळा बंद केली. स्वप्नालीने पुन्हा बॅटला हात लावला नाही. हे सगळे मी बघत राहिलो.

कलम ४. यापुढे जो कोणी प्रशिक्षक होईल, त्याने तिसऱ्या बेसवरून हा डाव टाकू नये. टाकला तरी पोरी पळणार नाहीत.

२००७ मध्ये मी सुकन्या नावाच्या मुलीला खूण केली, ती जागची हलली नाही. सामना हरलो. मी लई बोललो तिला. ती रडत म्हणाली, "सर, तुमच्या मागं ताई उभी होती. तिनं हात आडवा करून न्हाई म्हणलं." कोण ताई, असे मी विचारले. नऊ नंबरची, ती म्हणाली. तो नंबर २००४ नंतर मी कुणालाच दिला नव्हता. शर्ट माझ्या ट्रंकेत होता आणि किल्ली माझ्या करगोट्याला असते. सुकन्या त्या वर्षी नवीन आलेली, महामायाचे नावही तिला माहीत नव्हते.

मी खुणा बदलल्या. मुली बदलल्या, मैदाने बदलली. २०१२ मध्ये तेच, २०१५ मध्ये तेच. मी हा धोक्याचा डाव टाकतच नाही असे समजून पेपरवाले माझ्या संयमाचे कौतुक करत होते. एकदा मी मुद्दाम भिंतीला पाठ घासून उभा राहिलो, की मागे जागाच उरू नये. खूण केली. बेसवरच्या मुलीची नजर माझ्या खांद्यावरून सरकून बाजूला गेली. नंतर ती म्हणाली, आज ताई तुमच्या शेजारी उभी होती, तुमच्याकडंच बघत होती.

आमचा मैदानावरचा शिपाई उमाशंकर रोज फक्कीच्या रेषा मारतो. माझ्या चौकोनातल्या पांढऱ्या रेषेवर बुटांच्या ठशांच्या दोन जोड्या उठतात, माझी आणि एक लहान. तुमच्यासोबत कोण उभं राहून राहिलंय, असे त्याने एकदाच विचारले.

मला तिची भीती वाटते, हे लिहायला लाज नाही. तिने माझे काहीच वाकडे केले नाही, त्याची जास्त वाटते. ती फक्त दुसऱ्या पोरींना माझ्यापासून वाचवते.

कलम ५. आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे मला बसवून पुरतील. खड्ड्यात माझ्या पाठीमागे हातभर जागा सोडावी. पाठीमागे कुणीतरी उभे असल्याची मला सवय झाली आहे.

कलम ६. हे कलम टाइप केलेले नाही, माझ्या हाताने लिहिले आहे. वकील म्हणाले, मृत्युपत्र तुमच्या पश्चात वाचले जाईल. सरजाबाई सत्तरीच्या आहेत. मी मेल्यावर खरे सांगायचे आणि तोवर त्याच राहिल्या नाहीत तर कुणाला सांगायचे? म्हणून आज सकाळी त्यांना भोकरहून बोलावले आणि मैदानावर खुर्ची टाकून वरचे सगळे स्वतः वाचून दाखवले.

त्यांनी विचारले, "तिनं तुमच्याकडं बघितलं व्हतं का?"

मी हो म्हणालो. मान हलवली होती.

"आन् मग पळाली?"

हो.

"म्हंजी ऐकूनच पळाली." हे त्या मला नाही, स्वतःला म्हणाल्या.

माफी मागायला माझे तोंड उघडले नाही आणि त्यांनीही दिली नाही. त्यांनी विचारले, ह्या कागदावर साक्ष कोण देणार. सोबत आलेल्या वकिलांनी समजावले की ज्याला घर मिळायचे त्याने साक्षीला बसू नये, घर अडचणीत येते. बाई म्हणाल्या, "घर नको मला. साक्ष घ्या माझी."

म्हणून कलम ३ मधील फ्लॅट सरजाबाईंच्या इच्छेने रद्द. तो बाहेरगावच्या खेळाडू मुलींना राहण्यासाठी द्यावा. कलम ३ मधील बाकी मजकूर मात्र कोणीही खोडू नये. त्याची एक प्रत स्वप्नालीला मी स्वतः नेऊन देईन.

ठिकाण: नांदेड
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार: मृत्युंजय चंद्रप्पा खानापुरे (सही)

साक्षीदार १: उमाशंकर, मैदान शिपाई (सही)

साक्षीदार २: सरजाबाई मारोती नरवाडे, महामायाची आई (अंगठा). बाईंच्या सांगण्यावरून अंगठ्याखाली लिहिले: माझी पोर सांगितल्यावरच पळाली.