पाळण्याची कडी आणि काचेची पट्टी

३ फेब्रु., मंगळ.
सूनबाईला, पूजाला, मुलगी झाली. मला नातच हवी होती. अंबरनाथला तिच्या माहेरी जाऊन बघून आले. नाक आमच्या घराण्याचं, बसकं. तिला गोड दिसतं. सवा महिन्याने इथे हेंद्रेपाड्याला येईल. पाळण्याची कडी घराचा स्लॅब ओतला त्या दिवशी यांनीच सळईत अडकवून घेतली. "नातवंडाला लागेल." आमचा मुलगा नीलेश तेव्हा शाळेत होता. नातवंड बघायला हे काय राहिले नाहीत.

१२ फेब्रु., गुरु.
रस्त्याखालून मोठा पाइप टाकतायत. वरून खणत नाहीत, मशीन जमिनीतनंच भोक पाडत येतं. मांडणीतली भांडी वाजतात. कडीजवळ स्लॅबला भेग पडली. कामवाल्यांचा इंजिनियर आला, भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली. म्हणाला, "आजी, भेग वाढली तर काच फुटेल. तोवर कडीला काही टांगू नका." चहा बिनसाखरेचा पितो. एवढ्या वयात शुगर, बिचारा.

५ मार्च, गुरु.
रविवारी पूजा येणार. काच शाबूत. पण छत किती मळकं. लक्ष्मी घरात येणार नि वर असं? पेंटर बोलावला. पुट्टी भरून पांढरंशुभ्र केलं, भेग दिसत पण नाय. काच त्याने अलगद काढून दिली. पुसून देवाजवळ ठेवली.

७ मार्च, शनि.
इंजिनियर आला. काच हातात दिली, म्हटलं, "बघा, फुटली नाय." तो वर छताकडेच बघत राहिला. "आजी, ती भेगेवर असेल तरच काही सांगते." आधीची भेग वाढली का, आता कळायचं नाही म्हणे. आणि मशीन आता आमच्या घराखालून जाणार. पुट्टी खरवडली, नवी काच लावली. म्हणाला, मशीन पुढे जाईस्तोवर बाळाला आणू नका.
नीलेश ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. "आई, कोणी सांगितलं होतं रंगवायला?" एवढंच. मग त्यानेच पूजाला फोन केला, नको येऊस.
पाळणा भिंतीला टेकवलाय. दुपटं घडी करून आत.

१५ मार्च, रवि.
फोनवर बाळ बघितलं. हसते आता. मला नाय, त्यांच्या पंख्याला. पूजा म्हणाली, "आई, काच कशीय?" म्हटलं, बघते.
भांडी काल जास्त वाजली. आज काचेत एक रेघ दिसते. मोतीबिंदूचा डोळा, खालून काय कळतंय. कोळ्याचा धागा पण असेल. झाडू हातात घेतला होता. ठेवून दिला. नीलेशची दुसरी पाळी आहे, तो आला की बघेल...