लाल चप्पल

मंगळवार, संध्याकाळ

चीनमधल्या वांशिक दंगलीचा फोटो काल आमच्या पेपरच्या पानासाठी मीच कापला. एका बाजूला पोलिसांपुढे रडणारी अल्पसंख्याक उइगुर मुसलमान बाई, दुसऱ्या बाजूला जळालेल्या दुकानापुढे बसलेला बहुसंख्याक हान म्हातारा, मध्ये रस्त्यावर लाल चप्पल. ऐन वेळी जाहिरात आली, जागा कमी पडली, म्हातारा फोटोतून गेला. पक्षपात वगैरे नव्हता. खरंच नव्हता? कोणाला ठेवायचं हे ठरवायला मला क्षणभरही वेळ लागला नाही.

आज घरी आले तर बाबा टीव्हीवर चर्चा बघत होते. तिथे त्याच फोटोतला फक्त म्हातारा आणि चप्पल, आणि वर्तमानपत्रं कशी एकतर्फी यावर आरडाओरडा. बाबांच्या मांडीवर आमचा पेपर.

"अगं, ही चप्पल दोन्हीकडे आहे. फोटो एकच. कापला कोणी?"

"असेल कोणीतरी," मी म्हटलं.

"गिरणीच्या संपात माझा पण असाच कापलेला. पडलेल्या हवालदाराला मी उचलत होतो. पेपरात आली फक्त त्याची कॉलर आणि माझा हात."

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

"तो कापणारा एकदा भेटायला हवा होता," बाबा म्हणाले आणि माझ्यासाठी चहा ओतला.