दोरीवरचा माणूस

४ जानेवारी
माझ्या नि विमलच्या चाळीस वर्षांच्या संसाराची भेट म्हणून लेकीने त्या समुद्रकाठच्या राजवाड्यात दोन दिवसांची खोली घेतलीय. आता हॉटेल आहे तिथे. माझे आजोबा त्याच राजवाड्यात चाकरीला होते आणि तिथेच वारले — बाबा तेव्हा पाच वर्षांचे. संध्याकाळपर्यंत आमच्या अख्ख्या कारेलीबागेला कळलं, कारण मीच सांगितलं. सोसायटीच्या बाकावर आजोबा सुभेदार होते. दुधाच्या केंद्रापाशी पोचेपर्यंत सेनापती झाले. शेजारचा हार्दिक म्हणाला, "काका, तमे तो राजवी नीकळ्या." राजघराण्यातला ठरलो; मी नाही म्हटलं नाही.

६ जानेवारी
हॉटेलला ईमेल धाडली. सही — जयसिंगराव, सेनापतींचे नातू. रिफायनरीतले निवृत्त स्टोअरकीपर, हे लिहायचं राहून गेलं.

९ जानेवारी
फेटा बांधून आरशासमोर उभा होतो. विमल आतून म्हणाली, गॅसवाला आलाय, दार उघडा. फेट्यासकट उघडलं. बिचाऱ्याने मान खाली घालून सिलिंडर ठेवला.

१० जानेवारी
फेटा बॅगेत मावत नाही. विमलच्या साड्या बाहेर काढल्या. साड्या परत आत, फेटा बाहेर.

१२ जानेवारी
पोचलो. संगमरवरी जिना, समोर समुद्र, आणि आमच्या हॉलपेक्षा मोठं न्हाणीघर! नळ कसा उघडायचा कळेना; सेनापतींच्या नातवाने वेटरला बोलावलं.

इथलं जुनं दप्तर राजेश्वरी नावाची मुलगी सांभाळते. ईमेल वाचून तिने १९३६ची नोकरांची नोंदवही काढून ठेवली होती. सेनापती काही सापडेनात. मग तिने हलकेच एका ओळीवर बोट ठेवलं. आजोबांचं नाव. काम — दोरीवरचा माणूस. राण्या समुद्रस्नानाला उतरल्या की त्यांच्या आधाराची दोरी धरून, पाठ फिरवून उभं राहायचं. पुढे एकच शब्द: मयत.

विमल इतकी हसली की चहा सांडला. मीही हसलो. मग जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणालो.

१३ जानेवारी
सकाळी राजेश्वरी एका सत्तरीच्या बाईंना घेऊन आली. जीवीबेन, पलीकडच्या मच्छीमार वस्तीतल्या. दोरीवाल्याची गोष्ट त्यांच्या घरात सांगतात, म्हणून मुद्दाम बोलावलं होतं. त्यांची आई नऊ वर्षांची असताना धाकट्या भावासकट लाटेत ओढली गेली. दोरी धरून उभा असलेला मराठी माणूस दोरी सोडून धावला.

"मारी बाने रेतीमां मूकी," जीवीबेन म्हणाल्या, "ने भाई माटे पाछो गयो."

आईला वाळूवर ठेवलं आणि भावासाठी परत आत गेला. दोघंही आले नाहीत.

तिथल्या खडकावर जीवीबेनच्या घरचे दर वर्षी नारळ ठेवतात. कुणासाठी, ते नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी मला विचारलं.

"संपतराव," मी म्हणालो.