दुसरी ‘ब’ची शांतता

७ जुलै, सोमवार
मुख्याध्यापक सांडू सरांनी आज स्टाफरूममध्ये जाहीर केलं : नाट्यखेळांतून मुलांना मन शांत ठेवायला शिकवायचं. छान. पण उपक्रमप्रमुख कोण, तर प्रमोदिनी मॅडम! का, तर त्यांनी दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलाय. आणि मी? राज्य नाट्य स्पर्धा तीनदा. एकदा प्रेताचं काम, अख्खा अंक हललो नाही. याहून शांत मन कुठं असतं?
३१ला केंद्रप्रमुख बघायला येणार. माझी दुसरी ‘ब’ सरस ठरली तर प्रमुखपद मला, हे सरांकडून वदवून घेतलं.
सूड घेणार. शांतपणे.

९ जुलै
आरसा-खेळ सुरू. मी करीन ते मुलांनी न बोलता हुबेहूब करायचं. हात वर, डोळे बंद, लांब श्वास.
संकल्प : शेजारच्या दुसरी ‘अ’कडे बघायचं नाही.
१०.४० : बघितलं. मॅडमची मुलं पोटावर हात ठेवून पोटाचा फुगा करतायत. करा म्हणावं.

१६ जुलै
खेळ चालू असताना मॅडम व्हरांड्यातून गेल्या. मी नुसतं पाहिलं. चाळीसच्या चाळीस माना वळल्या! काय एकाग्रता! त्यांच्या वर्गात हे बापजन्मी होणार नाही.

२३ जुलै
मॅडमनी विचारलं, तुमची मुलं माझ्याकडे डोळे वटारून का बघतात? म्हटलं, सजग आहेत. तोंड बघण्यासारखं झालं. घरी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.
अश्लेषा म्हणते, हल्ली चहा पितानाही दात खाता. बायकोला नाटकातलं काही कळत नाही.

३१ जुलै, सकाळी ९
नवा कुर्ता. आज मॅडमची जिरवणार. चेहऱ्यावर फक्त करुणा ठेवायची.

दुपारी ३
सुरुवात अप्रतिम. केंद्रप्रमुखांनी मान डोलावली. तेवढ्यात मॅडम त्यांच्यासाठी पाणी घेऊन आत आल्या. मी काहीही केलं नाही. शपथेवर सांगतो.
चाळीस मुलांनी मुठी आवळल्या, दात खाल्ले आणि एका सुरात पुटपुटली : थांब, दाखवतो तुला.
केंद्रप्रमुखांनी विचारलं, हे काय? पहिल्या बाकावरचा शिवम उभा राहिला. म्हणाला, मॅडम आल्या की सर रोज असंच करतेत, आमचं लई पाठ हाय.
मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

४ ऑगस्ट
सांडू सरांचा लेखी आदेश : आठवडाभर पहिला तास दुसरी ‘अ’मध्ये बसायचं. दोन्ही वर्ग एकत्र. शिकवणार मॅडम.
गेलो. केवळ त्यांच्या चुका टिपायला. छोट्या बाकावर गुडघे हनुवटीला लागत होते. शेजारी शिवम. त्यानं माझा हात उचलून माझ्याच पोटावर ठेवला. म्हणाला, सर, इथनं श्वास घ्या, भांडण नाय येत.
घेतला. रडू आलं. डोळे पुसले.
वर बघितलं तर माझी चाळीसच्या चाळीस मुलं डोळे पुसत होती.