वरच्या पायरीवरची गाजरं

४ ऑक्टोबर १९९६

दारात भंगाराची जत्रा भरलीया. सूनबाईंनी बारामतीहून भावाला टेम्पो घेऊन बोलावलं आणि कुठल्या बंद पडलेल्या दुकानातली लोखंडी मांडणी आणून माझ्या भिंतीला टेकवली. शिडीसारखी, पाच पायऱ्यांची. वरची पायरी पार पत्र्याला लागती. दर पायरीवर तेलाचे तीन डबे, तोंडं कापलेले, बुडाला भोकं पाडलेले. पंधरा डबे! आणि त्यात काय लावायचं, तर गाजरं.

"आत्या, दारातली जमीन चोपण हाय, दगडागत घट्ट. त्यात गाजर वाकडं होतं. मग वर जायचं." असं सुकन्येचं म्हणणं. लग्नाला दीड वर्ष झालं न्हाय तर मला माझी जमीन शिकवती.

युवराज खिळा-हातोडी घेऊन भोकं पाडत होता. माझ्या पोटचा पोरगा. मला हंडा उचलू लागायला कधी आला न्हाय.

५ ऑक्टोबर

म्हस्कू मेंढक्याकडनं चार पोती लेंडीखत आणलं. नदीचा गाळ आणला. अंगणभर वास. जेवण गेलं न्हाय.

७ ऑक्टोबर

आता कळलं पाणी कुठं मुरतंय. डबे नुसते तोंडदेखले. बाईसाहेबांना विहिरीकडची दोन गुंठं पायजेत, भाजी करायला. ते रान माझ्या नावावर हाय. हे गेल्यापासनं, अकरा वर्षं. तिथं ऊस हाय आणि ऊसच ऱ्हाणार.

शेजारची सरुबाई वाटीभर साखर मागायला आली होती, तिच्यादेखत मी बोलले, "संक्रांतीच्या सुगडांना पुरतील एवढी सरळ गाजरं ह्या डब्यातनं काढून दाखव. गल्लीतल्या अकरा घरांची सुगडं. दाखवलीस तर दोन गुंठं तुझी."

मला वाटलं गप बसंल. ती म्हणाली, "चालंल, आत्या."

सरुबाई साखर घ्यायची विसरून गेली. गावभर करायची घाई.

१९ ऑक्टोबर

उगवलं. केसासारखं बारीक. रोज सकाळी ही स्टुलावर चढती आणि वरच्या डब्यात तांब्यानं पाणी घालती. ते भोकातनं खालच्या पायरीवर, तिथनं आणखी खाली. एका पाण्यात पाची पायऱ्या भिजत्यात. युवराज कौतुकानं बघत बसतो. दूध घालायला उशीर झाला.

२७ ऑक्टोबर

विरळणी केली म्हणं. निम्मी रोपं उपटून टाकली. उगवलेलं उपटायचं, ही कसली शेती? आमी उसाचं एक कांडं वाया जाऊ दिलं न्हाय.

२ नोव्हेंबर

झोप न्हाय आली. खरं लिहायला काय जातंय, ही वही कोण वाचतंय.

माझ्या सासूनं माझ्या गोडगोड बोलण्याला भुलून रान ह्यांच्या नावावर केलं. वर्षाच्या आत मी तिचं अंथरूण पडवीत टाकलं. सगळ्यांचं झाल्यावर तिला भाकरी. ती म्हणायची, "बना, कोरड्यास हाय का गं थोडं?" मी म्हणायची, संपलं. भांड्यात असायचं.

म्हणून रान द्यायचं न्हाय. दोन गुंठं म्हणजे सुरुवात. पडवी मला ठावी हाय, मीच झाडून घेतलीया ती.

१२ नोव्हेंबर

पाडवा आज. गाजरांचा पाला वीतभर झाला. सरुबाई म्हणाली, "बनाबाई, तुमची सून जिंकतीया बरं का." तिला फराळाचं दिलं न्हाय.

१४ नोव्हेंबर

सुकन्या युवराजसंगट भाऊबीजेला बारामतीला गेली. घरात मी एकली. उसाच्या युरियाचं पोतं कोपऱ्यात उघडंच हाय.

आमची हयात उसात गेली. युरिया टाकला की पाला कसा माजतो ते मला कुणी सांगायला नको. आणि मुळाच्या पिकाचा पाला माजला की मूळ उपाशी. माळव्यातलं, भाजीपाल्यातलं एवढं तर मलाबी कळतं. जाळायचं न्हाय, मेलेलं दिसलं की शंका येती. फुगवायचं.

तांब्यात मूठभर विरघळवला आणि घातला. उसाला खत बुडाला देत्यात, तसंच खालनं सुरू केलं. तीन पायऱ्या झाल्या. वरच्या दोन पायऱ्यांना हात पुरला न्हाय. स्टुलावर एक पाय टाकला आणि गुडघ्यातनं अशी कळ आली की मांडणीला धरूनच उतरले. खाली थोडा युरिया सांडला तो पदरानं पुसला.

वरच्या सहा डब्यांनी काय होतंय. अकरा सुगडं भरत न्हाईत.

१७ नोव्हेंबर

आली. आल्या आल्या डब्यांपाशी गेली. बराच वेळ खाली बसून होती. मी चुलीपुढनं बघत होते. हात धुतले आणि भाकरीला बसली.

२१ नोव्हेंबर

परत युरिया दिला. ती विहिरीवर धुणं धुवायला गेली तेवढ्यात.

२५ नोव्हेंबर

आज तिनं युवराजला वरच्या पायरीला बाजूनं फळी ठोकायला लावली आणि आणखी सहा डबे चढवले. नवीन बी टाकलं. म्हणाली, "खाली ऊन कमी पडतंय, आत्या." खाली ऊन चांगलं पडतंय. पण मला काय. आता उशिरा टाकलेलं संक्रांतीला करंगळीएवढं हुईल.

१५ डिसेंबर

खालचा पाला मांडीएवढा! काळाभोर हिरवा. येणारं-जाणारं थांबून बघतंय. सरुबाई म्हणाली, "काय पीक हाय गं सुकन्या." ती नुसती हसली. मला हसू दाबताना खोकला आला, तर तिनं पाणी आणून दिलं. प्याले मी.

२ जानेवारी १९९७

युवराजनं तलाठ्याची गोष्ट काढली. "आई, बोललीस तर द्यावं लागंल." मी म्हणाले, "आधी गाजर दाखवा." तो उठून गेला. बायकोचा झाला तो. माझा कधी होता कुणास ठाऊक.

१३ जानेवारी

आज भोगी. बाजरीची भाकरी, तीळ लावून. उद्या उपटणार. गल्लीतल्या बायका बोलावल्यात. मी नवं लुगडं काढून ठेवलंय.

१४ जानेवारी

बायका जमल्या. मी ओट्यावर. सरुबाईनं खालच्या डब्यातला पाला धरला आणि ओढला. खाली काय, तर उंदराच्या शेपटागत मुळ्या. दुसरा डबा, तेच. तिसरा, दोन तंगड्यांचं गाजर, बोटाएवढं. मी पदर तोंडाला लावला.

मग ही स्टुलावर चढली. वरच्या डब्यातनं एक काढलं. वीतभर लांब, सुईसारखं सरळ. दुसरं काढलं. मग काढतच ऱ्हायली. अंगणात रास पडली. उशिरा टाकलेलीबी निघाली, बारीक, पण सरळ. अकरा सुगडं भरली आणि उरली.

"खालची कशी गं अशी?" सरुबाईनं विचारलं.

"वरचं पाणी झिरपून खाली जास्त झालं," सुकन्या म्हणाली. माझ्याकडं बघितलंबी न्हाय.

हळदीकुंकवाला मी उठून आत गेले. विधवेचं काय काम. अकरा वर्षं आतच बसते. तर ही बारावं सुगड घेऊन आत आली. काळं मातीचं, वर गाजरं, बोरं, हरभरा, उसाचं कांडं. दारात बायका बघत होत्या. मी म्हणाले, मला वाण चालत न्हाय. ती म्हणाली, "मग वाण म्हणू नका, आत्या. गाजरं म्हणा." आणि माझ्यापुढं ठेवलं.

रडायला आलं. राग राग आला. लोकांत मोठी व्हायला केलं असणार! रानाचं तिनं काढलं न्हाय. मीबी काढणार न्हाय. निम्मे डबे वाया गेले, पैज पुरी झालीच न्हाय. उद्या विचारलंच तर असंच सांगणार.

१६ जानेवारी

बोरं नासतील म्हणून सुगड रिकामं केलं. तळाशी वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी. सोडली. पांढरे दाणे, ओल धरून गोळा झालेले. युरिया. भुईवर सांडलेला मला सगळा पुसता आला नव्हता. कागदावरची तारीख वाचली. १७ नोव्हेंबर.

दोन महिने. युवराजला न्हाय सांगितलं, बायकांना न्हाय. रोज मला गरम भाकरी वाढत होती, आधी मला.

विहिरीच्या मोटरची किल्ली, त्या दोन गुंठ्यांच्या पाण्याची, कमरेची सोडली आणि डब्यात ठेवली. सगळ्यात खालच्या. तिथवर माझा हात पोचतो, तिला ठावं हाय.