काळ्या पाण्यातलं व्हॅनिला

४ मार्च १९९२
मिल बंद. म्हणजे आमचं कापड रंगवायचं डाईहाउस गेलं, मी केमिस्टचा माजी केमिस्ट झालो. घाबरलेलो बिल्कुल नाही. कागद कारखान्याचं काळं पाणी फुकट नाल्यात जातं. त्यात लिग्निन असतं, झाडाला ताठ उभं ठेवणारा माल. त्यातून व्हॅनिला निघतं, जळण निघतं. उद्यापासून सुरुवात.

९ मार्च
सुरुवात नाही. सासरे आले होते.

११ मार्च
आमच्या बॉयलरवरचा बाबूराव भेटला. त्याला पलासिया भागातल्या बँकेत गार्डची नोकरी मिळतेय. म्हटलं, "छोडो भिया, तुम्ही माझे वर्क्स मॅनेजर!" तो लगेच हो म्हणाला. जेवताना त्याच्या दोन मुली आठवल्या. एक पोळी कमी खाल्ली.

१८ मार्च
काळं पाणी आणलं. ॲसिड टाकताच तपकिरी गाळ खाली बसला. थिअरी करेक्ट! मग गाळ, कॉस्टिक सोडा आणि मोरचूद बायकोच्या, म्हणजे पद्मजाच्या, कुकरमध्ये. ती शाळेत शिकवायला गेली होती, म्हणून विचारता आलं नाही. व्हॉल्व उडाला. छत तपकिरी. वास व्हॅनिलाचा नाही, जळक्या चपलेचा. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. दोष कुकरचा. पद्मजानं आल्याबरोबर स्टुलावर चढून छत पुसायला घेतलं. ओरडली असती तर बरं.

२५ मार्च
व्हॅनिला लाँग टर्म. आधी जळण. गाळाच्या गोवऱ्या गच्चीवर पेटवल्या. नुसता धूर. शेजारच्या मनोरमाकाकूंचे पापड काळे. माफी मागायला बाबूरावला पाठवलं. मॅनेजमेंटमध्ये असं करावं लागतं. तरी वाईट वाटलं.

२ एप्रिल
बाबूराव हल्ली संध्याकाळीच येतो. पार थकलेला. काळजीनं असणार. माझ्यामुळे. उद्या त्याला मोकळं करायचं.

३ एप्रिल
नाही सांगितलं. तो गोवऱ्या फार मन लावून थापत होता.

७ एप्रिल
आज हिंमत केली. बाबूरावची नोकरी परत मागायला थेट बँकेत गेलो. दार उघडलं ते खाकी कपड्यातल्या बाबूरावनंच. सलाम पण ठोकला.
"आपण भेटलो त्याच आठवड्यात लागलो, साहेब," तो खालमानेनं म्हणाला. "तुम्ही एकटे पडले असते. म्हणून नाही बोललो."
म्हटलं, छान केलंत.
मग तो हळूच म्हणाला, "अजून एक गार्ड पाहिजे यांना. बोलू का?"
विचार करून सांगतो म्हणालो आणि निघालो. चौकातून परत फिरलो. वयाची अट विचारली.
अटीत बसत नाही.