पायरीवरचा भोपळा

लोणावळे, रविवार, ता. ७ नोव्हेंबर १९४३

चि. अंबाजी यास,

अक्काचे आशीर्वाद. रतनबाईला आणि पोरांना माझी आठवण सांगणे. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. क्षेम काही नाही.

आधी तुझं बघते. भाऊबीजेला आला नाहीस. मळवली ते लोणावळं एकच स्टेशन, आणि तू दूधवाल्याजवळ निरोप धाडलास की भात कापणीला आलंय. भात दरवर्षीच कापणीला येतं. ओवाळायचं ताट मी दुपारपर्यंत झाकून ठेवलं होतं, मग त्यातला लाडू शेजारच्या जैतुनबीच्या घरी दिला. गेल्या साली ताटावर धड बसला नाहीस, आणि यंदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, चुकलासच. मनात काय आहे ते तुझं तुला ठाऊक.

आता खरं काम. परसातली भाजी यंदा बघण्यासारखी झाली आहे. लढाईमुळे बाजारात पालासुद्धा मिळेना, सरकारही सांगतंय की घरोघर भाजी लावा. म्हटलं, लावू. गणपती गेले तशी बियाण्याची मडकी उतरवली. गेल्या साली काही लावलंच नव्हतं, तेव्हा बी दोन वर्षांचं, राखेत ठेवलेलं. मडक्यात हात घातला तर... असो. बी चांगलं निघालं. पावसानं उघडीप दिली तशी उंच वाफे केले, नाहीतर आमच्या इथली माती वाहून खाली खंडाळ्याला जाते. मेथी, मुळा, चाकवत, नवलकोल, कुंपणाला घेवडा. आणि उकिरड्यावर आपोआप उगवलेला लाल भोपळ्याचा वेल, तो न्हाणीच्या पत्र्यावर चढला आणि तीन भोपळे देऊन मोकळा झाला.

तुला ठाऊक आहे, दर शुक्रवारी मी दवाखान्यातर्फे भुशीकडच्या वाड्यांवर बाळंतिणी बघायला जाते. सकाळी गेले की दिवे लागायला परत. तर दर शनिवारी माझ्या वाफ्यातून काहीतरी गेलेलं असतं. एकदा नवलकोलाचे दोन गड्डे. एकदा मुळ्याची जुडी, चांगले जाड बघून उपटलेले. मेथी खुडलेली, तीही पद्धतशीर, जुना पाला बघून. गुरं असं खात नाहीत. सुनेला विचारलं, तर कस्तुरा म्हणते, "मला काय ठावं, आत्याबाई. घुशी असत्याल." घुशीला जुना-नवा पाला कळतो, हे मला या वयात कळलं.

दुसरी गोष्ट. नवलकोलाला मातीची भर घातलेली, घेवड्याला नव्या काठ्या रोवलेल्या. म्हणते, मीच केलं. अंबाजी, कस्तुराच्या हाताला एवढा जोर नाही. त्या काठ्या मी ओढून बघितल्या, हलेनात.

आणि आता तिसरी, जिच्यासाठी हे पत्र. परवा शुक्रवारी संध्याकाळी घरी आले तर चुलीवर भोपळ्याची भाजी, आणि उरलेल्या फोडी सुपात वाळत घातलेल्या. आख्खा भोपळा फोडला होता. आपल्यात बाई आख्ख्या भोपळ्याला पहिला घाव घालत नाही. आई म्हणायची, भोपळा हा घरातला थोरला मुलगा, गड्यानं फोडावा, मग बाईनं हवा तसा चिरावा. आमच्या घरात आता गडी नाही. म्हणून गेल्या साली बाजारातून भोपळा आणला की शेजारच्या रज्जाकला हाक मारायचे, तो एक घाव घालून द्यायचा. या वेळी रज्जाकला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, मी गुरुवारपासून टेसनावर. मिल्ट्रीच्या गाड्या लागल्यात, रुळांचा पॉइंट सोडून जेवायला बी येता येत न्हाई." त्याच्या बायकोनं, जैतुनबीनंही, हो म्हणून मान हलवली.

मग फोडला कुणी? कस्तुरा म्हणते, "म्याच." कशानं? "इळ्यानं." विळा मी बघितला. गंजलेला तसाच खुंटीला. आणि ही पोर एरवी सुताची गाठसुद्धा शुक्रवारी सोडायची की नाही विचारून सोडते. तिनं भोपळ्याला विळा लावला हे मी मानू?

आता स्पष्टच लिहिते. माझ्या मागे घरात पुरुष येतो. नवरा परागंदा होऊन दीड वर्ष झालं, पोर तेवीस वर्षांची, मला सगळं कळतं. बाळंतपणं करून करून दुनियेची घरं आतून बघितली आहेत मी. पण माझ्या घरात नको. तू ये, तिला तिच्या माहेरी पोचती कर. गावात बोभाटा व्हायच्या आत.

उत्तर लगेच पाठव. भात थोडं थांबेल.

तुझी अक्का
विठाबाई


लोणावळे, शनिवार, ता. १३ नोव्हेंबर १९४३

अंबाजीस,

आशीर्वाद. पत्र पोचलं. लगेच पाठवलंस, हे बरं केलंस. एरवी तुझं पत्र यायला महिना लागतो, या वेळी दोन दिवसांत आलं. तेव्हाच मी म्हटलं, यात काहीतरी आहे.

तू लिहितोस, "अक्का, एका भोपळ्यापायी पोरीला घराभाईर काडू नगं. तिच्यात खोट न्हाई, मी सांगतो. पायरीवं आपटला की भोपळा कुनाच्याबी हातनं फुटतो."

पत्र तीनदा वाचलं. मग माझं पत्र आठवून आठवून बघितलं. मी तुला पायरीचं काही लिहिलं नव्हतं. मलाच ठाऊक नव्हतं, तर लिहीन कशी?

उठले आणि मागच्या दाराशी गेले. कस्तुरा पाणी आणायला गेली होती. पायरीच्या कडेला पिवळट डाग, आणि दगडाच्या फटीत एक बी वाळून चिकटलेलं. नखानं काढलं. ते बी या क्षणी माझ्यापुढे आहे.

मळवलीत बसून तुला माझी पायरी कशी दिसली?

काल शुक्रवार होता. निघताना मी मागच्या फाटकाशी चुलीतली राख पसरून गेले होते. परत आले तर राखेत वहाण उमटलेली, पुरुषाची, डाव्या पायाची टाच जास्त झिजलेली. वाफ्यात पाणी सोडलेलं होतं, मुळ्याची एक ओळ विरळ केलेली. चोर चोरी करून जाताना मुळा विरळ करून जात नाही. जेवताना आम्ही दोघी चाकवताच्या भाजीकडे बघत होतो.

डावी टाच झिजवून चालणारा माणूस मी एकच बघितला आहे. त्याचं नाव या घरात घ्यायचं नाही, असं मीच ठरवलं होतं, म्हणून घेत नाही. तुला विचारलं होतं दीड वर्षापूर्वी, तो तुझ्याकडे आला का. तू देवाची शपथ घेऊन नाही म्हणालास. मी धरून चालले की फौजेत भरती झाला असेल. रोज शेजारून पेपर मागून आणून लढाईच्या बातम्या कोण वाचत होतं, हे रज्जाकला विचार.

मडक्याचंही तुला सांगायचं आहे. पण ते आज नको.

मला एवढंच कळव, पायरीचं तुला कुणी सांगितलं. गोलमाल लिहू नकोस. तू लहानपणापासून खोटं बोललास की "मी सांगतो" म्हणतोस.

विठाबाई


लोणावळे, सोमवार, ता. २२ नोव्हेंबर १९४३

अंबाजी,

नऊ दिवस झाले, तुझं उत्तर नाही. बरोबर आहे. काय लिहिणार होतास?

आता मी लिहिते. नीट वाच, आणि वाचून झालं की ज्याला वाचून दाखवायचं त्याला दाखव.

परवाच्या शुक्रवारी मी भुशीला गेलेच नाही. पिशवी घेऊन, छत्री घेऊन, कस्तुराच्या देखत निघाले, वळणावरून मागे फिरले आणि जैतुनबीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. तिच्या खिडकीतून शेराच्या झुडपांच्या कुंपणापलीकडे माझं सगळं परस दिसतं. जैतुनबी म्हणाली, "मावशी, कुनाची राखन चाललीया?" म्हटलं, गप्प बस आणि भाकऱ्या भाज.

दहाच्या सुमाराला तो आला. फाटकानं. वाळला आहे. दाढी वाढवली आहे. मला वाटलं होतं, येईल तो थेट घरात शिरेल. नाही शिरला. आधी वाफ्यांत गेला. उकिडवा बसून नवलकोलाखालचं तण काढलं. कुंपणाचा घेवडा लोंबत होता तो काठीला बांधला. बादलीनं पाणी घातलं, एकेका रोपाच्या बुडाशी, मी शिकवलं होतं तसं. कस्तुरा दारात उभी राहून बघत होती. मग तिनं भाकरी आणून दिली, ती त्यानं पायरीवर बसून खाल्ली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. तासाभरात निघून गेला. जाताना दोन मुळे घेतले, तेही कस्तुरानं हातात कोंबले म्हणून.

आणि मी इकडे लोकांना सांगत होते की यंदा माझी भाजी बघण्यासारखी झाली आहे.

हाक मारायला मी खिडकीशी उठले होते. तोंडही उघडलं होतं. पण तशीच खाली बसले. जैतुनबीनं माझा हात धरला, तिला वाटलं मला चक्कर आली. चक्कर नव्हती. लाज होती.

कशाची, ते आता सांगते. बेचाळीसच्या उन्हाळ्यात मुंबईहून बाँबला भिऊन माणसं पळून आली, लोणावळ्यात जिकडेतिकडे अनोळखी तोंडं. तेव्हा मी माझी बोरमाळ लपवायला जागा शोधत होते. मग एकाएकी बाळंतपणाला बोलावणं आलं, दोन दिवस मी तिकडेच. आल्यावर बघते तर माळ नाही. ट्रंक उपसली, कणगी उपसली. घरात तीन माणसं. कस्तुरा त्या दोन दिवसांत माहेरी होती. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "आई, मी हात लावला न्हाई." मी म्हटलं, माळ आणून दे, नाहीतर मला तोंड दाखवू नकोस. पंचवीस वर्षांचा मुलगा, उभ्या उभ्या निघून गेला.

या गणपतीनंतर मुळ्याच्या बियाण्याचं मडकं उतरवलं, राखेत हात घातला, तर बोटाला सोनं लागलं. मीच ठेवली होती. अंबाजी, माझ्याच हातानं. मला आठवलंसुद्धा, घाईत कुठे ठेवली ते, इतकं लख्ख. झटकून लुगड्याच्या घडीत दडवली आणि बी पेरायला गेले. दोन महिने कुणाला बोलले नाही. म्हटलं, तो कुठे आहे तेच ठाऊक नाही, सांगायचं कुणाला? हे मी मनाला सांगत होते. खरं म्हणजे मला सांगायचं नव्हतं. सगळ्या जगावर संशय घ्यायला मला वेळ होता, माझ्या स्वतःच्या मनाचा एवढा एक वाफा सोडून.

तोंड दाखवू नकोस म्हटलं होतं, तर तो माझा शब्द पाळतो आहे. मी नसते तेव्हा येतो. घरात येत नाही. घरातला गडी म्हणून एक भोपळा तेवढा फोडून जातो, आणि तोही पायरीवर. त्याचा बाप गेला तेव्हा तो सात वर्षांचा होता, विळा पेलत नव्हता, म्हणून मीच त्याला भोपळा पायरीच्या कडेवर आपटायला शिकवलं होतं. मी टाळ्या वाजवल्या होत्या तेव्हा. आई म्हणायची तसं, थोरल्यावर बाईनं घाव घालू नये. मी घालून बसले होते.

आज सकाळी माळ काढली. कस्तुराच्या हातात दिली आणि कुठे सापडली, कधी सापडली, सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, "दोन म्हैनं, आत्याबाई? दोन म्हैनं तुमी गप बसलासा?" माळ तिनं ओट्यावर ठेवली आणि मेथीला पाणी घालायला गेली. बरोबर केलं तिनं. तुला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मी तिच्याबद्दल जे लिहिलं ते पान फाडून चुलीत घाल. तिला कधी कळू देऊ नकोस. नाही, मीच सांगेन. तेही मीच सांगेन.

तुझ्यावर मला राग नाही. तू राखतोस त्या बंगल्याच्या बागेत त्याला कामाला ठेवलं असशील, पोटाला घातलंस, माझ्याशी खोटं बोललास. भाऊबीजेला माझ्या डोळ्यांत बघवलं नसतं म्हणून आला नाहीस. हे सगळं मी मांडून घेतलं आहे. ताट अजून आहे. लाडू नाहीत.

आता येत्या शुक्रवारचं. मी भुशीला जाणार नाही, दवाखान्यात तसं सांगून ठेवलं आहे. मी घरात असणार. हे त्याला आधी सांग. मी राख पसरलेली नाही, कुणाच्या खिडकीत बसणार नाही, लपून बसणार नाही. फसवून मला त्याचं तोंड बघायचं नाही. बघून झालं तसं एकदा. मी घरात आहे हे ठाऊक असून तो आला, तर आला. नाही आला, तर वाफ्यांना पाणी घालायला मला येतं, आणि पुढच्या शुक्रवारी मी नेहमीसारखी भुशीला जाईन, म्हणजे त्याला बायकोला भेटता येईल.

पत्र्यावरचा मोठा भोपळा काल उतरवून घेतला. देठ वाळला होता. मागच्या दाराशी ठेवला आहे. रज्जाकला मी हाक मारणार नाही.

पायरी घासून धुतली आहे. भोपळा तिच्यावर फोडायचा, की उंबऱ्याच्या आत येऊन फोडायचा, ते गेणूनं ठरवावं.

गेणूची आई